बिनदाती चाप

वॉटरबरी, सोमवार, ८ फेब्रुवारी १८९२

आजपासून ही वही. मला लिहायची हौस नाही, पण ट्रीट वकिलांनी तसं बजावलं आहे. शिवलेली वही घ्या म्हणाले, सुटे कागद नकोत. शाईनं लिहा, तारीख घाला, पान फाडू नका, खाडाखोड करू नका. चुकलं तर वरून एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. दर शनिवारी एखाद्या जाणत्या माणसानं ती वाचायची, खाली ‘वाचलं आणि समजलं’ असं लिहायचं आणि सही करायची. या देशात कल्पना ज्याच्या डोक्यात आधी आली त्याचा हक्क, आणि ती कधी आली हे अशी वही सांगते. ‘मिस्टर क्विनलन, खरं लिहा आणि सगळं लिहा,’ म्हणाले. ‘एक गोष्ट गाळलेली सापडली की बाकीच्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.’

तर खरं लिहितो. मी मालाकी क्विनलन, वय एकेचाळीस, बटणांच्या कारखान्यात साचे करतो. तीन वर्षांपूर्वी मी बटणाची नवी कडी तयार केली आणि बावळटासारखी मुकादम ऑगस्टस पेकला दाखवली. त्यानं माझी पाठ थोपटली. सहा महिन्यांनी पेटंट आलं ते त्याच्या नावावर. तेव्हापासून त्याचा आवाज कानावर पडला तरी माझे हात शिवशिवतात.

आता काम गॅलिसच्या, म्हणजे विजार खांद्यावरून धरणाऱ्या पट्ट्यांच्या, चापाचं. हल्लीच्या चापांना दात असतात. ते पट्ट्यात रुततात, महिन्याभरात पट्टा कुरतडला जातो आणि भर प्रार्थनेत माणसाची विजार खाली येते. बायकांचे मोजे वर धरणाऱ्या पट्ट्यांचंही तेच. नोरा, माझी बायको, म्हणते की रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईचा मोजा मांडीपाशी फाटलेला असतो, फक्त दिसत नाही. कापड न फाडता घट्ट धरेल असा चाप मला करायचा आहे, आणि या वेळी पेटंटवर माझंच नाव हवं.

शनिवार, १३ फेब्रुवारी

आठवड्यात चार नमुने केले, चारही वाया. दात बोथट केले तर पट्टा सुटतो, टोकदार केले तर फाटतो.

काल नोरानं बटाटे कच्चे ठेवले. मी पातेलं भिंतीवर फेकलं. थोडं पाणी तिच्या पायावर उडालं.

सही करायला नोराचा भाऊ फेलिम आला. तो आमच्याच कारखान्यात पितळेचा पत्रा कापायचा प्रेस चालवतो, वाचता येतं, आणि चापातलंही त्याला कळतं. त्यानं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली आणि हसायला लागला. ‘दाजी, तुमचे बटाटे कच्चे होते यालाही मी साक्षीदार का?’ मग पुढचं वाक्य वाचलं आणि नोराच्या पायाकडे पाहिलं. तिनं पाय झग्याखाली ओढून घेतला. त्यानं सही केली, पण चहाला थांबला नाही.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज प्रेसखाली डेलिया मॅकगोवनची दोन बोटं गेली. मुलगी एकोणीस वर्षांची. पितळेची पट्टी सरळ करायला तिनं हात आत घातला आणि तेवढ्यात तिचाच पाय साचा खाली आणणाऱ्या पायपट्टीवर पडला. मी तिसऱ्या टेबलावर होतो, तिथपर्यंत रक्त उडालं. किंचाळली नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. पेकनं तिला बाहेर नेलं, साचा चिंधीनं पुसला आणि दहा मिनिटांत तिच्या जागी दुसरी मुलगी बसवली. बाईमाणसाचा हात असा चिरडलेला बघून जो आपलं काम तसंच पुढे चालू ठेवतो, तो माणूस आहे की कोण? दिवसभर माझं डोकं ठणकत होतं.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

अकरावा नमुना. पट्टा फाटला. मी टेबल उलटं केलं, कानशी सगळ्या खोलीभर झाल्या.

त्या गोळा करता करता नोरा म्हणाली, ‘चावल्याशिवाय धरताच येत नाही का तुला?’

मी म्हणालो, तू तुझी कारखान्याची बटणं पुठ्ठ्यावर शिव, मला अक्कल शिकवू नकोस. दातांशिवाय चाप म्हणजे तळाशिवाय बादली. तरी तिचं वाक्य इथे लिहितो, कारण सगळं लिहायचं असं ठरलं आहे.

बुधवार, २ मार्च

सापडलं. आजची तारीख आजच पडली पाहिजे.

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस, मांस वर्ज्य. नोरा सकाळी चर्चला जाऊन कपाळाला राख लावून आली. उपासाचा मासा मांडायला तिनं माझं टेबल मोकळं केलं, आणि केसाएवढ्या बारीक सहा स्प्रिंगा, ज्या करायला मला दोन रविवार लागले होते, त्या केरात गेल्या. मी घरी आलो तेव्हा केर चुलीत पडला होता. माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. मी तिची बाही मनगटापाशी धरली. तिनं हात ओढला. तिच्या अंगात जाड फ्लॅनेल होतं. ते माझ्या वाकवलेल्या बोटावर घडी होऊन बसलं आणि वरून अंगठा दाबला गेला. ती जितकी ओढायची तितका माझा अंगठा आपोआप खाली दाबला जायचा. नखं लागत नव्हती, जोर लागत नव्हता. धरणारा मी, पण घट्ट करत होती तीच.

माझा राग जागच्या जागी गेला. मी तिला म्हणालो, आणखी ओढ. ती म्हणाली, सोड, मालाकी, दुखतंय. मी म्हणालो, एकदाच, जोरानं. तिनं ओढलं नाही तेव्हा मीच पिरगाळून पाहिलं, घडी सुटते का ते. सुटली नाही. तिसऱ्या वेळी काहीतरी कटकन वाजलं. मला वाटलं खुर्ची मोडली.

मग अंगठा उचलला. बाही सुटली. फ्लॅनेलवर एक धागा तुटलेला नाही. दिव्याजवळ नेऊन बघायचं होतं, पण ती तोवर दाराबाहेर गेली होती. बहुतेक संध्याकाळच्या प्रार्थनेला.

आकृती शेजारच्या पानावर काढली आहे. खाली गोल कडेची तार, म्हणजे माझं वाकवलेलं बोट. वर पितळेची गुळगुळीत जीभ, म्हणजे अंगठा. जीभ बिजागरीवर अशी बसवायची की वजन आलं की तीच खाली दाबेल. दात एकही नाही. मासा गार झाला होता, तो मी उभ्या उभ्याच खाल्ला. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता.

शनिवार, ५ मार्च

नोराचं मनगट मोडलं आहे. गुरुवारी डॉक्टरांनी फळ्या बांधल्या. ती दोन दिवस फेलिमकडे राहून आज परत आली. मी तिला म्हणालो, मला वाईट वाटतं. तेही खरं आहे, म्हणून लिहिलं.

फेलिम आला. त्यानं बुधवारचं पान वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं आकृती कळली नाही, म्हणून समजावून सांगायला लागलो. त्यानं हातानं थांबवलं.

‘दाजी, यात एक शब्द तरी खोटा आहे?’

‘एकही नाही,’ मी म्हणालो.

‘मग झालं.’ त्यानं लिहिलं, वाचलं आणि समजलं. पण टाक इतका दाबला की कागद फाटून खालच्या पानावर शाई उतरली. वकील म्हणतात पान फाटता कामा नये, आणि हा असा. मी त्याला तसं बोललोही.

सोमवार, १४ मार्च

डाव्या हातानं लिहितो. अक्षर लागेल तसं वाचा.

बुधवारी, नऊ तारखेला, जेवणाच्या सुट्टीत नव्या चापाच्या जिभा कापत होतो. प्रेसवर फेलिम. पट्टी तिरपी गेली. मी उजवा हात आत घातला. त्याला सांगून घातला. साचा खाली आला.

तीन बोटं आणि अंगठ्याचं टोक. हाड फुटतं तेव्हा आवाज होतो तो मी ओळखला. आधी कुठेतरी ऐकला होता.

फेलिमचा पाय घसरला. पायपट्टीवर तेल असतं, व्हायचंच. बिचारा दगडासारखा उभा होता. मी ओरडलो की चाक उलटं फिरव. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग फिरवलं. धक्का बसला असणार. मी सगळ्यांना सांगितलं, त्याला बोल लावू नका.

घरी आता दोघांत मिळून एकच जोडी हात आहे, माझा डावा आणि नोराचा डावा. ती पाव धरते आणि मी कापतो.

शनिवार, १९ मार्च

फेलिम सहीला आला नाही. जागा मोकळी सोडली आहे.

पेक येऊन गेला. संत्री घेऊन आला, गोड गोड बोलला, टेबलावरचे चाप उचलून पाहिले. तो गेल्यावर नोरा म्हणाली, एक त्यानं खिशात घातला. मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, मला वाटलं तू दिलास. मी डाव्या हातानं तिच्या तोंडात मारली. डाव्या हाताचा नेम नाही, कानावर बसली. कानातून थोडं रक्त आलं.

मंगळवार, २२ मार्च

कामाच्या चौकशीला गेलो होतो. परत आलो तर नोराची पेटी नाही. बटणांचे पुठ्ठे मोजून, दोरा बांधून ठेवलेत. शेजारीण म्हणते, ब्रिजपोर्टला मावशीकडे गेली. तिथल्या कॉर्सेटच्या, म्हणजे बायकांच्या घट्ट कमरपट्ट्यांच्या, कारखान्यात काम मिळतं म्हणे.

जाईल कुठे, येईल परत. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

सोमवार, २० जून

आली नाही.

पेकनं माझ्या चापावर अर्ज केला आहे. मीही केलेला आहे. पेटंट कार्यालयानं दोघांना कळवलं की एकाच वस्तूचे दोन धनी, कुणाला आधी सुचली ते साक्षीपुराव्यानं दाखवा. पेक म्हणतो, त्याला सात मार्चला सुचली.

मी कारखाना सुटायच्या वेळी फाटकापाशी उभा राहिलो. तो बाहेर आला तसा त्याचा गॅलिस धरला. पट्ट्यावर माझाच चाप होता. त्यानं मागे ओढलं, आणि तो जितका ओढत होता तितका चाप घट्ट बसत होता. सुटका नव्हतीच. मी थोटक्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं, मारत राहिलो. माझी जखम उसवली, त्याचे पुढचे दोन दात पडले, आणि शेवटी रक्त कुणाचं ते दोघांनाही कळेना. प्रेसवरच्या पोरी बघत होत्या. त्यांत डेलिया होती. मला वाटलं ती तरी खूश होईल. तिनं तोंड फिरवलं.

उद्या न्यायाधीशापुढे उभं राहायचं आहे.

मंगळवार, ५ जुलै

दहा दिवस कोठडी भोगून आलो. चाप मात्र फाटकापाशी सुटला नाही, हे नमूद करतो.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

ट्रीट वकिलांकडे वही दिली. त्यांनी माझ्यासमोरच वाचली. बुधवार दोन मार्चच्या पानाशी आले आणि चष्मा काढून पुसला. मी विचारलं, आकृती नीट नाही का?

‘आकृती उत्तम आहे,’ ते म्हणाले. ‘हे पान म्हणजे तुमचा हक्क. पेकच्या पाच दिवस आधीचं. पण साक्षीत ते मोठ्यानं वाचलं जाईल. मग छापलं जाईल. कुणीही वाचू शकेल, मिस्टर क्विनलन.’

मी म्हणालो, आकृतीचं पान तेवढं देऊ, शेजारचं फाडू. म्हणाले, एक पान फाडलंत की वही मेली. शिवाय नुसती वही पुरत नाही. कल्पना सुचली त्या वेळी हजर असलेलं दुसरं कुणीतरी लागेल.

तिथे दुसरं कोण होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग ट्रीट म्हणाले, पेकच्या वकिलाचा निरोप आहे, तुम्ही अर्ज मागे घेतलात तर वही बाहेर येणार नाही. घरी जाऊन विचार करा म्हणाले.

ते पान मी घरी पुन्हा उघडलं नाही. का, ते सांगता येत नाही. यापूर्वी तर कितीदा उघडून आकृती बघायचो. पण पेकचं नाव पुन्हा एकदा माझ्या कामावर? ते नाही. वाचू दे त्यांना.

गुरुवार, २० ऑक्टोबर

आज साक्षी झाल्या. वकिलांच्या खोलीत लांब टेबल, एका टोकाला लेखनिक. पेक समोर बसला होता, नवे दात घालून.

आधी फेलिम. पेकच्या वकिलानं त्याला विचारलं की मेहुणा म्हणून न वाचताच सही ठोकली असेल, नाही का? फेलिम म्हणाला, ‘दोनदा वाचलं. आणि समजलंही.’ मग त्याला पान मोठ्यानं वाचायला सांगितलं. तो न अडखळता वाचत गेला. माझेच शब्द, पण मी लिहिले तेव्हा ते असे ऐकू आले नव्हते. सोड, मालाकी, दुखतंय. एकदाच, जोरानं. मला वाटलं खुर्ची मोडली. लेखनिकाची टाक चालवायची गती कमी झाली. पेकसुद्धा टेबलाकडे बघायला लागला. मला, मला, त्या पेकसमोर लाज वाटली.

मग नोरा आली. सात महिन्यांनी दिसली. डोक्यावर नवी टोपी होती, आणि प्रश्न ऐकताना ती डावा कान पुढे करत होती. उजवा माझ्याकडे होता. पेकच्या वकिलानं विचारलं, इतक्या महिन्यांपूर्वीची नेमकी तारीख तुम्हाला कशी सांगता येते?

तिनं हातमोजा काढून उजवं मनगट टेबलावर ठेवलं. हाड वाकडं सांधलं आहे, वर गोटीएवढी गाठ. ‘तारीख इथे आहे,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची चिठ्ठीही आणली आहे.’

‘आणि चापाची कल्पना त्याच वेळी सुचली, याची खात्री?’

‘माझ्यावरच तर करून बघत होता,’ नोरा म्हणाली.

पेकच्या वकिलानं आपले कागद गोळा केले.

बाहेर जिन्यापाशी मी तिला गाठलं. माझ्या बाजूनं का बोललीस, एवढंच विचारता आलं. ती हातमोजा चढवत होती. ते मनगट पुरतं वळत नाही, म्हणून वेळ लागत होता. मी मदतीला हात पुढे केला. ती दोन पायऱ्या खाली सरकली, भिंतीला टेकली, आणि मी हात मागे घेईपर्यंत तशीच उभी राहिली.

‘तुझ्या बाजूनं नाही बोलले,’ ती म्हणाली. ‘चाप तुझाच आहे. तो तुझा आहे हे सगळ्यांना कळायला हवं.’

ती गेल्यावर फेलिम आला. त्यानं मला दाजी म्हटलं नाही, नावानं हाक मारली, आणि नऊ मार्चच्या त्या प्रेसबद्दल एकच वाक्य सांगितलं. मी त्याच्यावर धावून जाईन अशी तयारी ठेवून उभा होता. मीही राग येण्याची वाट पाहिली. आला नाही. मी म्हणालो, पायपट्टीवर तेल असतं.

त्याचं वाक्य मी इथे लिहिणार नाही. या वहीत जाणूनबुजून गाळलेली ही पहिलीच गोष्ट.

शनिवार, १७ डिसेंबर

निकाल लागला. चाप माझा. पेकचा अर्ज फेटाळला.

त्याच टपालात ब्रिजपोर्टच्या कॉर्सेट कारखान्याचं पत्र आलं आहे. मोज्यांच्या पट्ट्यांना त्यांना माझे चाप हवेत, पहिल्या खेपेलाच शंभर ग्रोस, म्हणजे चौदा हजारांवर. त्यांनी नमुना लावून पाहिला. लिहितात की चाप उत्तम, फक्त पट्टा आत सरकवून जीभ दाबताना शिवणाऱ्या बाईच्या मनगटाला थोडा जोर पडतो. कारखान्याचं नाव मी दोनदा वाचलं. नोरा तिथेच आहे.

सकाळभर वही पहिल्या पानापासून वाचली. पातेलं, पाय, बाही, कान. सगळं होतं, माझ्याच अक्षरात, तारखेसकट. डेलियाच्या दिवसाच्या पानावर पेकबद्दल मीच विचारलेला प्रश्न वाचून जागेवरून उठलो आणि पुन्हा येऊन बसलो.

वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपल्या वहीला आपणच साक्षीदार होता येत नाही. पण एकोणीस मार्चखाली फेलिमसाठी सोडलेली जागा अजून कोरी होती. तिथे आज डाव्या हातानं लिहिलं.

वाचलं आणि समजलं.
मालाकी क्विनलन